लिहिणं सुधारलं, की मी नुसतीच सावध झाले?

अनघा_गावभाग | ८ जून, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज स्वतःचाच प्रश्न घेऊन आलेय.

मी सत्तावीस वर्षं कथा लिहितेय. फार नाहीत, वर्षाला दोन-तीन, बहुतेक दिवाळी अंकांसाठी. गेल्या आठवड्यात माळा आवरताना जुन्या वह्यांची पिशवी हाती लागली. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या सांगलीच्या घराचा खालचा मजला पूर्ण बुडाला होता. वह्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या.

त्यातली १९९९ ची वही उघडली. त्यात माझी पहिली छापून आलेली कथा होती, आमच्या वाड्यातल्या एका काकूंवर. काकू विधवा, एकट्या राहायच्या, समोरच्या खोलीत. रात्री दीड-दोनपर्यंत त्यांचा दिवा जळत असायचा. मी लिहिलं की ही बाई रात्रभर रडते आणि सकाळी तोंड धुऊन हसत बाहेर येते. नाव बदललं होतं, पण वाडा तोच, नळ तोच, त्यांचं निळं जरीकाठी लुगडंसुद्धा तेच. कुणीतरी अंक आणला आणि नळावर मोठ्यानं वाचला. काकूंनी मला एका शब्दानं विचारलं नाही. फक्त आमच्याकडे येणारी आमटीची वाटी बंद झाली. वर्षभरात त्या लेकीकडे मिरजेला राहायला गेल्या. मीही कधी विचारलं नाही.

तेव्हापासून ओळखीच्या माणसावर लिहायचं नाही, असं ठरवलं. गावाचं नाव टाकायचं नाही, नात्यांची उलटापालट करायची, धंदा बदलायचा. हळूहळू माझी वाक्यं नेटकी झाली, विशेषणं गळाली, लोक ‘संयत लेखन’ म्हणू लागले. मला वाटायचं, ही वाढ आहे. या वर्षी एका संपादकांनी कथा परत पाठवली. सोबत एकच ओळ होती: भाषा सुंदर आहे, पण या घरात कुणी राहत नाही.

ती ओळ डोक्यात असतानाच जुनी वही वाचली. भाषा कच्ची, पानापानावर उपमा, वाचताना कान गरम झाले. पण काकू तिथे आहेत. चालतात, खोकतात, चपलेचा तुटलेला अंगठा दाभणानं शिवतात.

म्हणून विचारते. या सत्तावीस वर्षांत मी लेखक म्हणून वाढले, की नुसतीच सावध झाले? दोन्हींतला फरक तुम्ही कसा ओळखता?

---

रोहन_मिरज | ८ जून, रात्री ११:१२

ताई, मी तेवीस वर्षांचा आहे आणि माझ्याकडे जुनं काहीच नाही. कविता मोबाईलवर लिहितो, महिन्याभरानं आवडली नाही की खोडून टाकतो. तुमचं वाचून पहिल्यांदा वाटलं की मी चूक करतोय. मी वाढलो का, हे कशाशी ताडून बघू?

---

जुना_खिळा | ९ जून, सकाळी ६:३०

रोहन, आजपासून खोडणं थांबव. बाकीचं नंतर.

अनघाताई, मी वाईतल्या एका छापखान्यात बरीच वर्षं मुद्रितं तपासली. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, हातानं जुळवायचे दिवस होते. एखादा लेखक पानाच्या प्रुफात हौसेनं शब्द बदलायचा आणि कंपोझिटर डोक्याला हात लावायचा, कारण एक मोठा शब्द घुसला की ओळ पुढे सरकते, ओळीमुळे परिच्छेद सरकतो आणि कधी कधी पुढची चार पानं पुन्हा बांधावी लागतात. त्यामुळे आम्हाला सवय लागली होती की काढलेल्या शब्दाच्या मापाचाच शब्द घालायचा. दुरुस्ती दिसली नाही पाहिजे, पान हललं नाही पाहिजे.

निवृत्त झाल्यावर मी आठवणी लिहायला घेतल्या, तेव्हा लक्षात आलं की ही सवय माझ्या मनालाही लागली आहे. वडिलांबद्दल एक अवघड गोष्ट लिहायची होती. ती काढून त्याच मापाची एक सोपी गोष्ट मी तिथे बसवली. पान हललं नाही. तुम्ही ज्याला सावधपणा म्हणता तो मी असा पकडला. दुरुस्तीनंतर पुढचं काहीच हललं नाही, तर समजायचं की आपण माप बघून शब्द घातलाय.

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. समर्थांनी त्यात अगदी हाताची कामं सांगितली आहेत, अक्षर कसं घोटावं, ओळी कशा राखाव्यात. पानाच्या भोवती जागा सोडून मधेच लिहावं, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडणार नाही, असंही सांगितलंय. मी ते नुसतं पोथी लिहिणाऱ्यांसाठी समजत होतो. आता स्वतःची वही लिहिताना डावीकडे चार बोटं जागा सोडतो. पाच वर्षांनी तिथे काय लिहावंसं वाटेल, ते आज मला ठाऊक नाही.

---

कासफूल | ९ जून, सकाळी ९:०५

चार बोटं जागा! हे आजपासून करणार.

अनघा, मला तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं वाटतं. जुनं वाचून कान गरम झाले, म्हणजेच तू वाढलीस. लाज वाटत नाही तो लेखक तिथेच राहिला.

---

पोवईनाका | ९ जून, सकाळी ९:४०

असहमत. लाज मलाही वाटते, पण ती चार लोक काय म्हणतील याची असते. साताऱ्यात एका कार्यक्रमात कविता वाचली, मागच्या रांगेतून कुणी हसलं, त्यानंतर तीन वर्षं मी ती कविता वाचली नाही. कवितेत खोट नव्हती हे आज कळतं. त्या लाजेनं मला काहीच शिकवलं नाही, फक्त गप्प बसवलं.

आणि वाचक म्हणून सांगतो, लेखक आतून किती वाढला हे मला कुठे दिसतं? मला कथा दिसते. घरात कुणी राहत नसेल तर मी दारातूनच परत जातो.

---

कासफूल | ९ जून, सकाळी १०:०२

बरोबर आहे तुमचं. लाजेलाही दोन तोंडं असतात, हे मी धरलं नव्हतं.

---

माणगंगा | ९ जून, दुपारी २:१५

मी आटपाडी भागातला. इथं वेगळ्या बाजूनं बोलतो, कारण आमच्या घरातला माणूस कुणाच्या तरी लिखाणात गेलाय.

माझ्या आज्ज्यावर एका लेखकानं लिहिलं होतं. नाव सांगत नाही, ते फार प्रसिद्धही नव्हते. पाच-सहा पानं असतील. वडिलांनी ते कात्रण पत्र्याच्या ट्रंकेत जपलंय, लग्नाच्या पत्रिकेशेजारी. आम्हाला लिहिल्याचा राग नाही. आमच्या माणदेशात माणसांवर लिहिणं काही नवीन न्हाई, व्यंकटेश माडगूळकरांनी १९४९ सालीच आमची माणसं पुस्तकात नेली. राग एका शब्दाचा आहे. त्या लेखकानं आज्ज्याला ‘लंगडा म्हातारा’ म्हणलंय. तीनदा. एकदासुद्धा विचारलं नाही की पाय कशानं गेला.

१९७२ च्या दुष्काळात आज्जा खडी फोडायला जायचा. दिवसभर घण मारायचा आणि संध्याकाळी सुकडी, म्हणजे कामावर वाटलेलं कोरडं खाणं, घेऊन यायचा, त्यावर सात माणसं. तिथं दगड पायावर आला. दवाखाना लांब, मजुरी बुडेल म्हणून दुसऱ्या दिवशी परत कामावर. पाय तसाच वाकडा जुळला. लेखकाला वाकडा पाय दिसला, मागचा दगड दिसला नाही.

अनघाताई, म्हणून तुमच्या प्रश्नात मला जरा गडबड वाटते. तुम्ही विचारताय की तेव्हा मी धीट होते आणि आता भित्री झाले का. मी विचारतो, तेव्हा काकूंना तुम्ही पुरतं बघितलं होतं का? दिवा जळत होता एवढं तुम्हाला माहीत होतं. रडणं तुम्ही घातलंत.

जरा परखड बोललो. राग मानू नका.

---

अनघा_गावभाग | ९ जून, दुपारी ४:३०

राग नाही. दोन वेळा वाचलं आणि मग उठून वही पुन्हा काढली. तुम्ही म्हणता ते खरं आहे. खिडकीला पडदा होता. मला फक्त उजेड दिसायचा. रडण्याचा आवाज मी कधीच ऐकला नव्हता.

---

हरिपूरची_पोर | ९ जून, रात्री ८:२०

माणगंगा, तुमचा प्रतिसाद घरात सगळ्यांना वाचून दाखवला.

मी हरिपूरची. आमच्याकडे हळदीची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार, तोंड अरुंद आणि पोट मोठं. आमच्या गावची माती अशी की आत ओल धरत नाही, म्हणून हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात पाणी आत गेलं आणि पुष्कळ पेवं कामातून गेली. नंतर लोक गोदामांकडे वळले.

लहानपणी आजोबांनी मला एक गोष्ट बजावून सांगितली होती. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. बंद पेवात श्वास घ्यायला हवा नसते, उतरलेला माणूस तिथेच कोसळतो. तोंड उघडं ठेवायचं, बराच वेळ थांबायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर वर ओढायचा आणि आणखी थांबायचं.

आईच्या आजारपणात मी रोज लिहीत होते. ती गेली आणि तेराव्यानंतर मी ती वही उघडली. दोन पानं वाचली आणि दोन दिवस अंथरुणातून उठले नाही. पुढे चार वर्षांनी उघडली तेव्हा सलग वाचून झाली. त्यातल्या एका पानावर मी आईवर चिडून लिहिलं होतं, औषध थुंकून टाकते म्हणून. चार वर्षांपूर्वी ते पान वाचून मी स्वतःला अपराधी ठरवलं होतं. या वेळी मला तिथे तीन रात्री न झोपलेली एक मुलगी दिसली. अक्षरं तीच होती.

---

जुना_खिळा | ९ जून, रात्री ९:००

हरिपूरकर, हे वाचून पाणी आलं डोळ्यांत. आणि आपण ‘सगळीकडे लेखकांचं पेव फुटलंय’ असं किती सहज म्हणून जातो. भरलेलं पेव खरोखर उघडणं म्हणजे काय असतं, ते आज कळलं.

---

लिंबगोवे | १० जून, सकाळी ७:४५

थोडं विषय सोडून, पण वह्यांचा विषय निघालाय म्हणून. पुरात भिजलेल्या वह्या कुणाकडे आहेत का? माझ्या मावशीच्या सांगलीतल्या घरात होत्या. बॉलपेननं लिहिलेलं जवळजवळ सगळं राहिलं, शाईच्या पेनानं लिहिलेलं निळं पाणी होऊन गेलं. बॉलपेनची शाई तेलकट असते म्हणून. आम्ही पानांमध्ये वर्तमानपत्राचे कागद घालून पंख्याखाली वाळवल्या, रोज कागद बदलून. उन्हात मात्र टाकू नका, पानं वाकतात आणि कडक होतात.

---

रोहन_मिरज | १० जून, सकाळी ८:१०

वही घ्यायची ठरलंच आहे, आता बॉलपेनही ठरलं.

---

कासफूल | १० जून, सकाळी ८:३०

मी शाईचं पेन सोडणार नाही, पूर आला तरी. साताऱ्यात कृष्णामाई माझ्या माडीपर्यंत पोचत नाही :)

---

निवृत्त_मास्तर | १० जून, दुपारी १२:२०

सर्वांचे प्रतिसाद सावकाश वाचले. मी तीस-बत्तीस वर्षं मराठी शिकवलं, बहुतेक वाळवा आणि पलूस तालुक्यांत.

अनघाबाईंना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली सांगलीचीच. वि. स. खांडेकरांचा जन्म सांगलीचा, १८९८ चा. त्यांची ‘क्रौंचवध’ १९४२ मध्ये आली आणि त्यानंतर पुढच्या कादंबरीसाठी वाचकांना १९५० चं दशक उजाडेपर्यंत थांबावं लागलं. वर्षाला एक कादंबरी देऊ शकणारा, लोकप्रियतेच्या शिखरावरचा लेखक इतकी वर्षं कादंबरीपासून दूर होता. मग १९५९ मध्ये ‘ययाति’ आली, जिच्यामुळे मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं. मध्यंतरीच्या काळात त्यांच्या मनात काय चाललं होतं, यावर मी बोलणार नाही. पण वर्गात मुलांना मी ‘क्रौंचवध’चा आणि पुढच्या कादंबरीचा, असे दोन सन फळ्यावर लिहून दाखवायचो आणि मधली जागा मोकळी सोडायचो.

दुसरी गोष्ट माझी आहे आणि ती सांगायला मला बरीच वर्षं लागली.

आठवीच्या वर्गात ‘माझी आई’ निबंध दिला होता. एका मुलानं लिहिलं, ‘माझ्या आईच्या अंगाला पाचटाचा वास येतो. ती जवळ आली की मला उसात बसल्यासारखं वाटतं.’ त्याचे आईवडील ऊसतोडीला जायचे. मी त्या दोन वाक्यांवर लाल रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘आई ही वात्सल्याची मूर्ती असते.’ पुढच्या निबंधात त्यानं तेच वाक्य जसंच्या तसं उतरवलं. मी त्याला दहापैकी आठ गुण दिले.

तो मुलगा पुढे काय लिहू लागला असता, मला माहीत नाही. त्याला शोधायचा प्रयत्न केला, सापडला नाही. सावधपणा आपण जन्माला येताना आणत नाही, अनघाबाई. माझ्यासारखं कुणीतरी तो लाल शाईनं शिकवतं. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी लाल पेन सोडलं. पेन्सिलीनं फक्त प्रश्न लिहायचो: ‘वास कसा होता?’, ‘मग ती काय म्हणाली?’ मुलं वाढलीच, पण सत्तावन्नाव्या वर्षी मलाही मराठी नव्यानं शिकवता येऊ लागली.

---

माणगंगा | १० जून, दुपारी १२:५५

मास्तर, पाचटाचा वास. माझ्या आईच्या अंगालाही तोच यायचा. तुम्ही हे इथं लिहिलंत म्हणून आभार.

---

पोवईनाका | १० जून, दुपारी १:१०

काल मी म्हणालो की लेखक आतून वाढला की नाही हे वाचकाला दिसत नाही. मास्तरांचं वाचून ते मागे घेतो. दिसतं.

---

लिंबगोवे | १० जून, संध्याकाळी ६:००

मंडळी, संक्रांतीला औदुंबरला कृष्णेकाठी साहित्य संमेलन भरतं, दरवर्षी. अजून सात महिने आहेत, पण यंदा आपण सगळे तिथे भेटूया का? सातारकरांनी कंदी पेढे आणावेत, सांगलीकरांनी भडंग. मास्तर, तुम्हाला तर पलूस तालुका घरचाच.

---

निवृत्त_मास्तर | १० जून, संध्याकाळी ६:४०

जरूर. गुडघे साथ देतील तर घाटाच्या पायऱ्याही उतरेन.

---

अनघा_गावभाग | १५ जून, रात्री ११:३०

पाच दिवस इथे आले नाही. मिरजेला जाऊन आले, ते सांगते.

काकूंच्या लेकीचा पत्ता शेजाऱ्यांकडून मिळाला. काकू आता पंच्याऐंशीच्या आहेत. डोळ्यांनी कमी दिसतं, कान चांगले आहेत. मी पाया पडले आणि नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, “गावभागातली? ती गोष्ट लिहिणारी?”

वाटेत मी क्षमेची वाक्यं जुळवत होते, ती एकही तोंडातून निघाली नाहीत. मी थेट विचारलं, “काकू, तेव्हा रात्री दिवा कशाला लागायचा?”

काकू म्हणाल्या, “हिशेब मांडायचे.”

वाड्याच्या मागच्या आळीतल्या बावीस बायकांची भिशी त्या चालवत होत्या. शिवाय पापड-सांडग्यांच्या मागण्या घ्यायच्या. उडदाची डाळ किती, लाटणारणींना किती, दुकानदाराकडून यायचे किती, सगळं वहीत. दिवसा कुणाला कळू द्यायचं नव्हतं, कारण दिरांना कळलं असतं तर पैसे मागितले असते. त्या पैशांतून त्यांनी लेकीला परिचारिकेचं शिक्षण दिलं. मी ज्या दिव्याखाली त्यांना रडवलं होतं, त्याच दिव्याखाली त्यांनी घर उभं केलं होतं.

“मग राग कशाचा आला?” मी विचारलं.

“तू सगळ्यांना सांगितलंस ना, मी रात्री जागी असते म्हणून. दिरांनी विचारायला सुरुवात केली, एवढं काय करतेस. दोन महिन्यांत भिशी बंद करावी लागली.” आणि जरा थांबून म्हणाल्या, “रडते म्हणून लिहिलंस त्याचंही वाईट वाटलं. मी रडले असते तर बावीस बायकांचे पैसे कोण सांभाळणार होतं?”

मला बोलता आलं नाही. सत्तावीस वर्षं मला वाटत होतं की मी त्यांचं खाजगी दुःख चव्हाट्यावर आणलं. दुःख मी रचलेलं होतं. प्रत्यक्षात मी त्यांचं काम मोडलं होतं. आणि त्यानंतर ‘कुणाला दुखवायचं नाही’ म्हणून जे जपून लिहीत राहिले, त्यातही कुणाला काही विचारलं नव्हतंच. तेव्हाही पडद्याबाहेरच उभी होते, नंतरही.

माणगंगा, तुमचा प्रतिसाद नसता तर मी मिरजेला फक्त माफी मागायला गेले असते, तो प्रश्न विचारला नसता.

निघताना काकूंनी लेकीला एक डबा काढायला सांगितला. आत त्या भिशीची वही आहे. बॉलपेननं लिहिलेली, लिंबगोवे. बावीस नावं, समोर आकडे, काही नावांपुढे बारीक खुणा. खुणांचा अर्थ मला लागला नाही. काकू म्हणाल्या, “ते एकदम नाही सांगता येत. येत्या गुरुवारी ये, एकेकीचं सांगते. आणि या खेपेला तुला वाटेल ते घालू नको.”

---

हरिपूरची_पोर | १५ जून, रात्री ११:४८

अनघाताई, पहिल्याच दिवशी सगळी नावं विचारू नका. कंदील सोडा, थांबा.

---

रोहन_मिरज | १६ जून, सकाळी ७:०५

ताई, मी मिरजेतच राहतो. गुरुवारी स्टेशनवर घ्यायला येऊ का? आत येणार नाही, बाहेर पारावर बसेन. माझीही वही सुरू झालीय, डावीकडे चार बोटं सोडून.

---

अनघा_गावभाग | १६ जून, सकाळी ७:३०

ये. पण बाहेर कशाला बसतोस? आधी काकूंना विचारते.